वरवंट्याचा श्वास

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. "बाळ सुखरूप आहे ना, मग कशाला उगाळत बसतेस," असं निम्म्या सांगलीनं मला सांगून झालंय. मी उगाळणार. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी उठून जावं.

मी दिवाणी न्यायालयात वकिली करते. साक्षीदाराचं खोटं पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि माझ्याच घरात, माझ्याच बाळाच्या अंगाखाली एक यंत्र बिनदिक्कत खोटं बोलत होतं आणि वेडी मी ठरले होते.

पाळणा मी बाळ पोटात असतानाच पसंत केला होता. विश्रामबागेतल्या एका दुकानात साधा लाकडी, चारी बाजूंनी उभ्या गजांचा. त्या दुकानदाराला मी भंडावून सोडलं. दोन गजांमध्ये तीन बोटांच्या वर फट नको, नाहीतर बाळाचं अंग खाली सरकतं आणि मान अडकते. गादी घट्ट हवी, हातानं दाबली तर खळगा पडता कामा नये. गादी आणि कठडा यांच्यात जागा नको. उशी नको, भोवतीनं मऊ लोड नकोत, वर लोंबणारी खेळणी नकोत. तो म्हणाला, "मॅडम, पाळणा घेताय का जमीन?" मी म्हटलं, जमिनीचे कागद मी याच्या निम्म्या वेळात तपासते. सासूबाईंनी मात्र तो घरी आणू दिला नाही. बाळ यायच्या आधी घरात पाळणा आणायचा नसतो म्हणे. तो दुकानातच राहिला.

बाळ आठवा लागता लागताच आलं. तळहाताएवढं तोंड, कागदासारखी कातडी. इतक्या लवकर आलेल्या बाळाला श्वासाचं एक दुखणं असतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूतलं एक केंद्र छातीला हुकूम सोडतं, घे श्वास. आपल्याला ते कळतसुद्धा नाही. पण दिवस न भरलेल्या बाळाचं ते केंद्र कच्चं असतं. मधूनच ते हुकूम सोडायला विसरतं आणि छाती थांबते. बहुतेक वेळा आपली आपण पुन्हा हलायला लागते. एखाद्या वेळी नाही लागत. तेव्हा तळपायाला टिचकी मारायची, की बाळ दचकतं आणि श्वास घेतं. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीपाशी बसून मी हे शिकले. माझ्या बोटाला त्या टिचकीची सवय झाली होती.

घरी सोडताना डॉक्टर आरवाडे म्हणाले, "आता हे थांबणं जवळपास बंद झालंय. पण महिना दोन महिने एखाद्या वेळी होऊ शकतं. त्यामुळं श्वासावर लक्ष ठेवणारा पाळणा घरी असल्याशिवाय मी बाळ देत नाही." चूक नव्हतं त्यांचं. आई काही चोवीस तास डोळे ताणून बसू शकत नाही. आणि आता असे पाळणे घरोघरी झालेच होते.

असा पाळणा बाळ दवाखान्यात असतानाच आमच्याकडं येऊन थांबला होता. देवयानीताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची, ऋतुराजची थोरली बहीण, पुण्यात 'निश्चिंत' नावाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. हे पाळणे तीच कंपनी बनवते आणि पाळण्याची अक्कल, म्हणजे आतला प्रोग्राम, ताईंच्या हाताखाली तयार होतो. त्यांनी सगळ्यात नवा पाळणा पाठवला आणि फोनवर म्हणाल्या, "आत्याकडून. आता तू पाय पसरून झोप."

दिसायला देखणा होता. पांढरा, गोलसर, खाली बारीक हिरवा दिवा. पाळण्याच्या कडेतून अगदी क्षीण रेडिओलहरी निघतात, बाळाच्या छातीवर आपटून परत येतात आणि त्या परतीच्या फरकावरून छाती केसभर हलली तरी यंत्राला कळतं. गादीखाली वजनाचा काटा, वर उष्णता मोजणारा डोळा. हे सगळं जमवून मोबाईलवर एक हिरवी रेघ वरखाली होत राहते आणि खाली अक्षरं येतात, "बाळ शांत झोपले आहे." ही अक्षरं आमच्या घरात देवाच्या फोटोसारखी झाली. सासूबाई चहा गाळताना ती बघायच्या, ऋतुराज पाटबंधारे खात्याच्या कचेरीत बसून बघायचा. बाळाकडं बघणारी मी एकटीच उरले होते, आणि मीसुद्धा हळूहळू मोबाईलकडंच बघायला लागले होते.

मग ती सकाळ आली. सासूबाई आत पोहे परतत होत्या. मी गॅलरीतून वाळलेली दुपटी घेऊन आले आणि सहज पाळण्यात डोकावले. बाळाचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. छाती हलत नव्हती. मी मोबाईल बघितला, हिरवी रेघ छान वरखाली चालली होती. एक क्षण, देवाशपथ सांगते, एक क्षण मी त्या रेघेवर विश्वास ठेवला. मग दुपटी टाकली आणि तळपायाला टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली, जोरात. बाळानं उचकी दिल्यासारखा श्वास घेतला आणि टाहो फोडला. मी त्याला उचलून घेतलं आणि तिथंच फरशीवर बसले.

तासाभरात आम्ही दवाखान्यात. डॉक्टर आरवाड्यांनी बाळाला हात लावायच्या आधी पाळण्याची नोंद उघडली. हल्ली असंच असतं. पहाटेपासूनची अखंड रेघ, कुठं खंड नाही. त्यांनी बाळ तपासलं, गुलाबी, टवटवीत. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं, "तुमची झोप किती होते?"

मी म्हटलं, "माझ्या झोपेचा काय संबंध? त्याचे ओठ काळे पडले होते."

"पहिलटकरणीला होतं असं कधीकधी. उजेडामुळंही वाटतं. नोंद स्वच्छ आहे बघा."

नोंद. नोंदीपुढं माणसाचं तोंड चालत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. याच जोरावर मी कितीतरी दावे जिंकलेत. त्या दिवशी पहिल्यांदा मी पलीकडच्या बाजूला उभी होते. डॉक्टरांनी मला मन शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर ऋतुराजनं देवयानीताईंना फोन लावला आणि आवाज खोलीभर सोडला. ताई म्हणाल्या, "सानिका, मी स्वतः आतून नोंद बघितली. श्वास चालू आहे. तू थकलीयेस गं. थोडे दिवस आईला बाळाकडं बघू दे."

थोडे दिवस. तेव्हापासून माझ्यावरच पहारा बसला. मी बाळाला उचललं की सासूबाई दारात. मी तळपायाला बोट लावलं की, "अगं, झोपलेल्या लेकराला कशाला डिवचतेस?" ऋतुराज तर एकदा बोलूनच गेला, "तू काही दिवस माहेरी विश्रांतीला जातेस का? बाळ इथं पाळण्यात सुरक्षित आहे." माझ्या डोक्याची शीर तडतडली. बाळ इथं आणि मी तिथं. आणि जर पुन्हा छाती थांबली, तर टिचकी कोण मारणार? रेघ मारणार? मी त्याला म्हटलं, "मला घराबाहेर काढायचं असेल तर कोर्टाचा हुकूम आण." त्या दिवशीपासून आम्ही नवराबायको कामापुरतंच बोलत होतो.

बारसं लांबलं होतं, बाळ अंग धरेपर्यंत थांबू म्हणून. ते शेवटी एका रविवारी दुपारी ठरलं. देवयानीताई पुण्याहून विनाचालक बसनं आल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. पाहुणे मोजकेच, शेजारपाजारच्या बायका. खालच्या मजल्यावरची तरन्नुमही आली होती. तिचं बाळ आमच्याहून थोडं मोठं, त्याच कंपनीच्या पाळण्यात खाली घरी झोपलेलं. ती दर थोड्या वेळानं मोबाईल काढायची, बायकांना हिरवी रेघ दाखवायची आणि म्हणायची, "बघा, कसा गाढ झोपलाय. घरी कुणी नाही तरी काळजी नाही." ताई कौतुकानं हसायच्या. मी घुगऱ्यांची वाटी पुढ्यात ठेवून बसले होते.

आमच्या सासरी, खराड्यांकडं, एक पद्धत आहे. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला घालायचं. पाट्यावरचा वरवंटा काढायचा, त्याला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं, बाळाचीच कुंची घालून बाळाच्याच दुपट्यात गुंडाळायचं आणि पाळण्यात निजवायचं. बाळ दगडासारखं टणक व्हावं, दृष्ट लागायची ती दगडाला लागावी, म्हणून. सासूबाईंनी हे सगळं मनापासून केलं. दगड गरम होता, ऊब धरून होता. वजनही जवळपास बाळाएवढंच. त्यांनी तो पाळण्यात ठेवला, बायकांनी झोका दिला, सगळ्या हसल्या.

माझ्या हातातला मोबाईल थरथरला. सवयीनं बघितलं.

"बाळ शांत झोपले आहे."

हिरवी रेघ वरखाली होत होती. मी डोळे मिटून उघडले. बाळ कुठं होतं? बाळ माझ्या मांडीवर होतं, मूठ चोखत. पाळण्यात वरवंटा होता. आणि वरवंटा श्वास घेत होता. संथ, एका लयीत, अगदी माझ्या बाळासारखा.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हसू आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, मोबाईल देवयानीताईंच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "ताई, हे कोण झोपलंय?"

त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हे हसून नेणाऱ्याचा चेहरा नव्हता. उलटतपासणीत हा चेहरा मी शेकडो वेळा बघितलाय. ज्याला माहीत असतं त्याचाच तो असतो.

"आत बोलू या का?" त्या म्हणाल्या.

"नाही. इथंच. बायकांनो, झोका थांबवा जरा. ताई, दगड श्वास कसा घेतोय, ते समजावून सांगा."

"सानिका, पाहुणे आहेत," ऋतुराज दारातून म्हणाला.

"पाहुण्यांनीच ऐकायला हवंय. तू मध्ये पडू नकोस."

ताई पाळण्याच्या कडेला टेकल्या. त्यांनी टाळाटाळ केली नाही, एवढं मी त्यांच्या पदरात घालीन. त्या म्हणाल्या, "लहरी नाजूक असतात. बाळ कुशीवर वळलं, दुपट्याची चुणी आडवी आली, कुणी वाकलं, की श्वास दिसेनासा होतो. जुने पाळणे अशा वेळी भोंगा वाजवायचे. दहातले नऊ भोंगे खोटे. आईबाप हैराण झाले, पाळणे परत यायला लागले. तेव्हा आम्ही 'सातत्य' आणलं. पाळणा पहिल्या काही दिवसांत त्या बाळाच्या श्वासाची लय शिकतो. पुढं मध्येच श्वास दिसेनासा झाला, तर त्या वेळी बाळ जसं श्वास घेत असेल, तशी रेघ तो स्वतः काढतो."

"स्वतः काढतो," मी म्हटलं. "म्हणजे मनानं."

"अंदाजानं. हवामानखातं काढतं तसा."

"हवामानखातं उद्याचं सांगतं ताई, आत्ता पाऊस पडतोय की नाही ते खिडकीतून बघतात. आणि हा अंदाज किती वेळ चालतो?"

त्या दुपट्याची चुणी सारखी करायला लागल्या.

"किती वेळ?"

"आधी मर्यादा होती. थोडीच. मग तक्रारी आल्या म्हणून ती काढली. वजन आहे, ऊब आहे, म्हणजे बाळ आहे. बाळ आहे आणि श्वास दिसत नाही, म्हणजे आपलंच यंत्र चुकतंय, असं ते धरून चालतं."

मी बाळाला छातीशी धरलं. "आणि ज्या बाळाचा श्वास खरंच थांबलाय, त्याला वजन नसतं का? ऊब नसते? बाळाचं अंग गार पडायला किती वेळ लागतो ताई, तेही तुमच्याकडं मोजलेलं असेल ना?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला त्या पाण्याची दया आली नाही. मला अजून एक प्रश्न विचारायचा होता. तो मला मगाशीच सुचला होता आणि त्याच्या उत्तराची मला भीती वाटत होती.

"काढलेली रेघ आणि मोजलेली रेघ तुम्हाला वेगळी दिसते का?"

"आतल्या पडद्यावर दिसते. काढलेली फिकट असते."

"त्या सकाळी तुम्ही आतून नोंद बघितली होती. मला म्हणालात, श्वास चालू आहे."

त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, "फिकट होती. बराच वेळ फिकट होती. मला वाटलं, दुपटं आडवं आलं असेल. सानिका, खरंच मला तसं वाटलं. दहातल्या नऊ वेळा दुपटंच असतं."

मला वेडी ठरवलं होतं यांनी. गोळ्या चारल्या होत्या. माझ्याच लेकरापाशी मला उपऱ्यासारखं बसवलं होतं. आणि ती फिकट रेघ या बाईनं डोळ्यांनी बघितली होती. मी ओरडले नाही. पुढ्यातली घुगऱ्यांची वाटी मात्र माझ्या पायानं कधी उपडी झाली ते कळलं नाही, चणे फरशीवर पसरले होते.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तरन्नुम उभी होती. हातात मोबाईल, त्यावर हिरवी रेघ, शांत, एका लयीत. ती रेघेकडं बघत होती. मग मोबाईल तिथंच टाकून ती धावत सुटली. चपला न घालता जिना उतरत गेली. आम्ही सगळ्या जागच्या जागी. ताईंनी दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली होती.

खालून रडू ऐकू आलं. झोपेतून खसकन उचललेल्या बाळाचं रागावलेलं, घसा फाडून काढलेलं रडू. आमच्या घरातली प्रत्येक बाई त्या आवाजानं रडली. ऋतुराज भिंतीला टेकून तोंड झाकून उभा होता. मला त्याच्याही जवळ जावंसं वाटलं नाही.

ताई पदर सावरत पुढं आल्या. "नाव..." त्या म्हणाल्या.

"आज नाही," मी म्हटलं. "माझ्या बाळाच्या कानाशी आज तुमचं तोंड नको." बारसं तिथंच मोडलं. बायका ओट्या न भरता, पुटपुटत निघून गेल्या. देवयानीताई त्याच दुपारी पुण्याला परत गेल्या. विश्रामबागेतला तो लाकडी पाळणा दुसऱ्या दिवशी ऋतुराजनं स्वतः उचलून आणला. कुणी लक्ष ठेवायचं याच्या आम्ही पाळ्या लावल्या. दवाखान्यातून पायाच्या अंगठ्याला बांधायचा एक जुना, साधा पट्टा आणला. तो रक्तातला प्राणवायू मोजतो आणि काही दिसलं नाही की केकाटतो. दिवसातून कितीतरी वेळा उगाचच केकाटतो. केकाटू दे. निदान माहीत नाही तर नाही म्हणतो.

बारशाचं चित्रण ऋतुराजचा मोबाईल करतच होता. ते मी जसंच्या तसं लोकांसमोर टाकलं. मग काय, राज्यभर लोकांनी पाट्यावरचे वरवंटे धुऊन काढले. कुणी कढत पाण्यातून काढलेला कोहळा पाळण्यात निजवला, कुणी उन्हात तापलेली वीट. सगळे शांत झोपले. कंपनीनं निवेदन काढलं की पाळण्यात बाळाशिवाय अन्य वस्तू ठेवणं सुरक्षिततेच्या दृष्टीनं अयोग्य आहे. वाचून मी इतकी हसले की सासूबाई घाबरल्या. पाठोपाठ सुधारणा आली. नवा प्रोग्राम सगळ्या पाळण्यांत आपोआप उतरला आणि कंपनीनं जाहीर केलं, दोष दूर झाला.

आम्ही तो पांढरा पाळणा फेकला नव्हता, पुरावा म्हणून ठेवला होता. मी वरवंटा तापवून त्यात ठेवला. मोबाईलवर आलं, "पाळण्यात वस्तू आढळली." ऋतुराजचा जिवात जीव आला. सासूबाई मात्र आत गेल्या. परात काढली, कोमट पाण्यात ढीगभर कणीक मळली, मऊसूत गोळा केला, दुपट्यात गुंडाळला आणि आणून पाळण्यात ठेवला. वर कुंचीसुद्धा घातली.

"बाळ शांत झोपले आहे."

दगड ओळखायला शिकले होते हरामखोर. बाळ ओळखायला नाही. सासूबाई त्या रेघेकडं बघत राहिल्या. या बाईनं दारात उभं राहून माझ्यावर पहारा दिला होता. त्या वळून म्हणाल्या, "सानिका, तू त्या दिवशी सांगत होतीस तेव्हा मी पोहे परतत होते गं. उठून बघायलासुद्धा आले नाही." आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. त्या गोळ्याच्या चपात्या आम्ही केल्या नाहीत, तो गाईला घातला.

कणकेचंही चित्रण मी लोकांसमोर टाकलं आणि त्याच आठवड्यात देवयानीताईंनी काय केलं, ते आधी बातम्यांत कळलं. त्यांनी कंपनी सोडली, आणि सोडताना फिकट रेघांचा सगळा साठा आरोग्य खात्यापुढं नेऊन ठेवला. स्वतःचं नाव वर घालून. त्यात किती घरांतली बाळं होती, त्यातली किती उठली नाहीत, याची चौकशी आता चालू आहे. आईबापांना तेव्हा काय सांगितलं होतं, माहीत आहे? नोंद स्वच्छ आहे. झोपेत अचानक गेलं, कुणाचा दोष नाही. त्यातल्या काही आयांचं वकीलपत्र मी घेतलंय. त्यांच्यापुढं बसले की माझा राग पुन्हा पहिल्यासारखा ताजा होतो.

मग एक दिवस ताई दारात उभ्या राहिल्या. वाळलेल्या, केस न विंचरलेले. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या, आत घेऊ की नको. मी म्हटलं, "या. बाळाचं नाव अजून राहिलंय."

त्यांना ते अपेक्षित नव्हतं. सासूबाईंनी लगबगीनं निरांजन लावलं. तरन्नुम बाळाला कडेवर घेऊन वर आली. ऋतुराज पाळण्याच्या पायथ्याशी उभा राहिला. लाकडी पाळण्यात बाळ उताणं झोपलं होतं, उशी नाही, लोड नाही, अंगावर फक्त अंगडं. अंगठ्याचा पट्टा दूध पाजताना मी काढला होता, तो बांधायचा होता. ताई कानाशी वाकायला लागल्या तशी मी म्हटलं, "थांबा. आधी हात ठेवा."

"कुठं?"

"पोटावर. अंगडं वर सारून नुसता ठेवा. दाबू नका."

त्यांनी तळहात ठेवला. माझं बोट बाळाच्या तळपायापाशी होतं, ते नेहमीच असतं. बाळाचं पोट त्यांच्या हाताखाली वर येत होतं, खाली जात होतं. त्यांचा चेहरा सैल झाला. बोटं जरा पसरली. आयुष्यभर त्यांनी बाळांचे श्वास पडद्यावर बघितले होते. हाताखाली हा पहिला असावा.

आणि तो थांबला.

दुपटं नव्हतं. चुणी नव्हती. उघडं पोट, त्यावर त्यांचा हात, आणि हाताखाली काही नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ते डोळे कधी विसरणार नाही. थोडं थांबायचं असतं, बहुतेक वेळा आपलं आपण सुरू होतं, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

"सानिका," त्या म्हणाल्या. "सानिका, हा श्वास घेत नाहीये."

"हो," मी म्हटलं. "ही तुमची फिकट रेघ. तळपायाला टिचकी मारा."

त्यांची पहिली टिचकी वाया गेली, बोट नुसतं घासून गेलं. माझं बोट पुढं सरकलंच होतं, तोवर दुसरी बसली. बाळाचं अंग आक्रसलं, तोंड वाकडं झालं, आणि त्यानं सगळं घर डोक्यावर घेतलं. ताई पाळण्याच्या कठड्यावर कपाळ टेकून, त्या रडण्याच्या बरोबरीनं रडायला लागल्या. मी बाळाला उचललं, पट्टा बांधला, थोपटलं. प्राणवायूचा आकडा पुरता वर येऊन स्थिर झाला, तेव्हा त्याला त्यांच्यासमोर धरलं.

"ठेवा आता नाव."

त्यांनी ओल्या तोंडानं त्याच्या कानात नाव सांगितलं. इंद्रनील. मग आम्हाला ऐकू येईल असं पुन्हा म्हणाल्या.

कुर्रर्र करून आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आमच्याकडची शेवटची पद्धत. बायका हसत हसत, लटकेच मारतात. सासूबाईंनी हलकेच मारला. तरन्नुमनं नुसता हात लावला. मी बाळ ऋतुराजच्या हातात दिलं, बाह्या वर केल्या आणि अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावून देवयानीताईंच्या पाठीत धपाटा घातला. त्या पाळण्यावर जाऊन आदळल्या. माझा तळहात झोंबायला लागला.

"सानिका, अगं," ऋतुराज म्हणाला.

ताईंनी मागं वळून बघितलं नाही. दोन्ही हातांनी कठडा धरला, पाठ वाकवली आणि म्हणाल्या, "अजून मार."

मी मारला.